अंगावरचं दूध किती दिवस, वरचं अन्न कसं वाढवायचं (ठाणे-नवी मुंबई)

पारसिक_पायथा

हा प्रश्न चार धाग्यांवर तुकड्यातुकड्यांत विचारला गेलाय, म्हणून एकत्र घेऊ. उदाहरणाला एक घर धरा. बाळ सहा महिन्यांचं होत आलंय. आई कासारवडवलीहून ऐरोलीला कामावर जाणार, सव्वाआठला बाहेर, सातला परत, घोडबंदर रोड तुंबला तर साडेसात. दिवसा आजी नाहीतर सोसायटीतलं पाळणाघर.

विचारलं जातं ते हे, की "दूध कधी तोडायचं?" माझ्या मते हा प्रश्न उलट्या टोकाने धरलाय. आधी ताटलीत काय आणि किती घट्ट पडतंय ते बघा. ते जमलं की कुठली पाजणी आपोआप गळते आणि कुठली ठेवायची हे बाळच दाखवतं. जागतिक आरोग्य संघटना आणि आपले बालरोगतज्ज्ञ दोघंही सांगतात: 180 दिवस फक्त अंगावरचं, मग वरच्या अन्नाबरोबर 2 वर्षं आणि पुढे हवं तितकं.

आता 180 चा हिशोब. "सहावा लागला" आणि "सहा पूर्ण झाले" ह्यात महिन्याचा फरक आहे. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात, मुलाचं सम महिन्यात अशी पद्धत असल्याने मुलींना पाचव्यातच भात चाटवला जातो. पाचवा चालू म्हणजे चारच पूर्ण. विषमच हवा असेल तर सातवा धरा. सातवा लागतो तोच 180 दिवस भरल्यावर. मुहूर्तही राहिला आणि दिवसही भरले. मुलाचं सहाव्यात करायचं तर सहावा संपतानाचा दिवस घ्या.

बाळंतपणाची रजाही ह्याच गणितात अडकते. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे, म्हणजे 182 दिवस. त्यातले 8 आठवडे आधी घेता येतात. ते पूर्ण घेतले तर आई परत जाते तेव्हा बाळ 126 दिवसांचं, जेमतेम चार महिन्यांचं. मग घरात "आता वरचं सुरू करा" चालू होतं. तिथे उत्तर वरचं अन्न नाही, काढून ठेवलेलं दूध आहे.

वाटीचमचा

धागा काढलात ते बरं झालं. ताटलीपासून सुरू करते.

सरासरी अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून लागणारी ऊर्जा: 6 ते 8 महिने रोज सुमारे 200 कॅलरी, 9 ते 11 ला 300, वर्षानंतर 550. म्हणजे पहिल्या वर्षात निम्म्याहून जास्त भार दुधावरच असतो आणि दुसऱ्या वर्षातही साधारण तिसरा हिस्सा. "वर्षानंतर दुधात पाणीच उरतं" म्हणणाऱ्यांना हे सांगा.

मापाला 250 मिलीची वाटी ठरवून ठेवा, घरातल्या वाट्या 100 पासून 300 पर्यंत काहीही असतात. पाणी मोजून एकदा बघाच.

सुरुवात 2-3 मोठे चमचे, दिवसातून दोनदा. आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी, 2-3 वेळा. 9 ते 11 महिने अर्धी वाटी 3-4 वेळा. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी 3-4 वेळा, आणि मध्ये एखाद-दोन वेळा फळ किंवा तसलंच काही.

खिमटाचं माप: तांदूळ 2 भाग, मुगाची डाळ 1 भाग. धुऊन, कपड्यावर पूर्ण वाळवून, मंद आचेवर वेगवेगळं भाजायचं. डाळ आधी लागते, एकत्र भाजली तर डाळ करपते नाहीतर तांदूळ कच्चा राहतो. मिक्सरमध्ये रव्याएवढी भरड. एका वेळेला 22 ग्रॅम भरड आणि 150 मिली पाणी, गार पाण्यातच कालवून मग गॅसवर, 8-10 मिनिटं ढवळत. उतरवल्यावर एक छोटा चमचा, म्हणजे 5 ग्रॅम तूप. भरडीच्या 75 आणि तुपाच्या 45 धरून 120 कॅलरी झाल्या. असं दोनदा पोटात गेलं की त्या वयाची गरज भागली. बाळ पहिल्याच आठवड्यात एवढं खाणार नाही, ते ठीक आहे.

घट्टपणाची परीक्षा: चमचा तिरका केला तर खिमट चिकटून राहून सावकाश घसरलं पाहिजे. धारेने पडलं तर पातळ.

येऊर_वारा

वरणाचं पाणी आणि भाताची पेज किती द्यावी? आमच्याकडे सगळे त्यानेच सुरू करा म्हणतात.

वाटीचमचा

शून्य. बाळाचं पोट छोटं, पाण्याने भरलं की दूधही जातं आणि अन्नही. डाळीतलं जे हवं ते तळाशी बसतं, आपण वरचं ओततो. तळ घोटून द्या.

गुरगुट्या

खिमटाला अनुमोदन. घरात सतत वेगळं शिजवायला वेळ नसेल तर साध्या कुकरमध्येच मोठ्यांच्या वरणभाताबरोबर एका वाटीत मूठभर तांदूळ आणि डाळ, पाणी चौपट-पाचपट, तीन-चार शिट्या. बाहेर काढून पळीने घोटा, मिक्सर नको. मिक्सरमध्ये भात चिकट खळीसारखा होतो आणि बाळाला चावायचं कारणच उरत नाही. नऊ-दहा महिन्यांपर्यंत गुठळ्या तोंडात आल्या नाहीत तर पुढे घास तोंडात धरून बसणारी, ओकणारी मुलं होतात. सातव्यात घोटलेलं, आठव्यात काट्याने कुस्करलेलं, नवव्यात बोटात धरण्यासारखं: उकडलेल्या रताळ्याची फोड, मऊ इडलीचा तुकडा, पिकलेल्या केळ्याची लांब काप.

मेतकूट-भाताचा मोह सगळ्यांना होतो. विकतच्या आणि बहुतेक घरच्या मेतकुटात मीठ असतं. वर्षाच्या आत मीठ, साखर, गूळ घालायचा नाही. मध तर मुळीच नाही, त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंनी लहान बाळाला बोट्युलिझम (स्नायू लुळे पाडणारी विषबाधा) होऊ शकतो. चाटण, बाळगुटी, सुवर्णप्राशन, जे काही मधात कालवून येतं ते ह्याच नियमात. वेखंड-जायफळ उगाळून देण्याने बाळ गुंगीत जाऊ शकतं, आणि सहाणेवरचं पाणी उकळलेलं असेलच असं नाही.

खाडीकाठ

नाचणीच्या सत्त्वाबद्दल जरा विस्ताराने, कारण पावसाळ्यात इथे हमखास बिघडतं.

जांभळी नाक्याच्या बाजारात सुटी नाचणी मिळते, खडे असतात. पाच-सहा पाण्यांतून रोवळून घ्या. 12 तास भिजवणं, मग ओल्या सुती कपड्यात 24 ते 36 तास. मोड दाण्यापेक्षा लांब होऊ देऊ नका. आता वाळवणं. मे महिन्यात गच्चीत सावलीत दीड दिवसात होतं. जुलैत मात्र पंख्याखाली दोन दिवस ठेवूनही आत ओल राहते. दाणा दातांखाली कट्कन फुटला पाहिजे, दबला तर ओला आहे. तसाच दळला तर आठवड्यात पिठाला कुबट वास येतो आणि बुरशी धरते. ते पीठ भाजून वाचत नाही, फेकून द्या. म्हणून जूनच्या आधी दोन महिन्यांपुरतं करून, डबा फ्रीजमध्ये. चमचा कोरडा.

मोड कशासाठी? मोड येताना दाण्यात अमायलेज नावाचं पाचक द्रव्य तयार होतं, ते पिठूळपणा तोडतं. त्यामुळे तेवढ्याच पाण्यात जास्त पीठ घालूनही खीर पातळ राहते, आणि बाळाला कमी घासांत जास्त मिळतं. ह्याचा एक उपयोग कमी लोक करतात. घट्ट झालेलं खिमट हाताला सोसेल त्याहून थोडं जास्त गरम असताना त्यात अर्धा छोटा चमचा मोडाचं पीठ ढवळा. दोन-तीन मिनिटांत ते बघता बघता सैल होतं. मग पुन्हा एक उकळी काढायची, कारण ते पीठ कच्चं आहे. पाणी घालून पातळ केलं असतं तर कॅलरी विरळ झाल्या असत्या. इथे त्या होत्या तेवढ्याच राहतात.

नाचणीत 100 ग्रॅमला 360 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, ते चांगलंच. पण लोहासाठी नाचणीवर विसंबू नका. वस्त्रगाळ करताना कोंड्याबरोबर लोहही जातं आणि जे राहतं ते नीट शोषलं जात नाही. वरून लिंबाचे चार थेंब किंवा आवळ्याचा रस दिला तर फरक पडतो.

पारसिक_पायथा

लोह हा मुद्दा वेगळा काढायलाच हवा, कारण सहा महिन्यांना अन्न सुरू करायचं मुख्य कारण तेच आहे. आईच्या दुधातलं लोह चांगलं शोषलं जातं, पण असतं फारच थोडं, लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी. बाळ जन्माला येताना साठा घेऊन येतं तो सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो. वेळेआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं असेल तर बरंच आधी.

ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात 6 ते 59 महिन्यांच्या मुलांना लोह-फॉलिक ॲसिडचं सिरप आहे, 1 मिली, आठवड्यातून दोनदा. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे विचारा. बाळाचे डॉक्टर आधीच लोहाचे थेंब देत असतील तर दोन्ही चालू करू नका, बाटली दाखवून विचारा. ड जीवनसत्त्वाचे 400 युनिट रोज, वर्षभर, ते वेगळे.

खाणाऱ्या घरांनी अंडं आणि मासे लांबवू नयेत. पूर्ण उकडलेलं अंडं, पिवळा-पांढरा दोन्ही, सहा महिने पूर्ण झाल्यावर चालतं. दिवाळे गावातल्या किंवा चेंदणी कोळीवाड्यातल्या कोळणीकडून पापलेट घ्या, उकडून बोटांनी चिवडून काटा शोधा. मांदेली नको, बारीक काटे. सुरमई मोठा शिकारी मासा, पारा साठतो, बाळाला नको. शेंगदाणा बारीक कूट करून खिमटात. 2015 च्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं की ज्यांना ॲलर्जीचा धोका जास्त अशा बाळांना वर्षाच्या आतच शेंगदाणा दिला तर पुढे त्याची ॲलर्जी बरीच कमी होते. बाळाला अंगभर तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टर. अख्खा दाणा, फुटाणे, द्राक्ष, कच्चं गाजर ह्यांना मज्जाव.

ट्रान्सहार्बर

पुरे झालं स्वयंपाकघर. :) आई बाहेर असते त्या अकरा तासांचं काय? आणि ऐरोलीहून लोकलने ठाण्याला येताना दूध टिकतं का?

वाटीचमचा

टिकतं. काढलेलं दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत 4 तास, फ्रीजमध्ये 4 दिवस, फ्रीझरमध्ये 6 महिने उत्तम. आपल्याकडे मे-ऑक्टोबरात खोलीच 32 ची असते, तेव्हा 4 तास मोजत बसू नका, काढल्याबरोबर ऑफिसच्या फ्रीजमध्ये. येताना गोठवलेल्या बर्फाच्या पॅकसह इन्सुलेटेड पिशवी, त्यात 24 तास चालतं. डबे पॅकला टेकलेले हवेत, मधे टिफिन कोंबू नका.

किती ठेवायचं? आई नसताना तासाला 30 ते 45 मिली. अकरा तासांचे 330 ते 495. सातव्या महिन्यात दोन वेळा खिमट होत असेल तर खालचा आकडा धरा. 90-90 मिलीचे चार डबे, मोठा एक नको. तोंड लावलेलं उरलं तर दोन तासांत संपवायचं, मग टाकायचं. छोट्या डब्यांत नुकसान कमी.

गरम करायला कोमट पाण्यात डबा बुडवा. मायक्रोवेव्ह नको, मधे चटका आणि कडेला गार असं होतं. वितळवलेलं 24 तासांत वापरा. वीज गेली आणि फ्रीझर उतरला तरी डब्यात बर्फाचे कण असतील तर पुन्हा गोठवता येतं. साबणासारखा वास आला तर दूध नासलंच असं नाही, त्यातलंच एक पाचक द्रव्य चरबी तोडतं. आंबट वास आला तर नासलं.

पाजायला वाटी-चमचा. चांदीचं बोंडलं सुंदर दिसतं, पण त्याच्या नळीत आत काय साचलंय ते कुणाला दिसत नाही.

ट्रान्सहार्बर

आणि ऑफिसात काढायला जागा-वेळ?

पारसिक_पायथा

कायद्याने बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसात दोन सुट्ट्या आहेत, जेवणाच्या सुट्टीव्यतिरिक्त. 50 किंवा जास्त कर्मचारी असले तर पाळणाघर आणि तिथे दिवसातून चार भेटी. बाळ कासारवडवलीत आणि पाळणाघर ऐरोलीत, म्हणून ती तरतूद ह्या घराला बिनकामाची, पण त्या दोन सुट्ट्या दूध काढायला मागून घ्या. लेखी मागा. पंधरा-वीस मिनिटांच्या दोन बैठका पुरतात.

गुरगुट्या

आता खरा वाद. आधी पाजायचं की आधी भरवायचं?

माझं मत: नऊ महिन्यांपर्यंत आधी दूध, तास-सव्वा तासाने अन्न. भुकेने रडणारं बाळ नवीन चव घेत नाही.

खाडीकाठ

असहमत, निदान दुपारच्या जेवणाला. ज्या बाळांचं वजन अडलंय त्यांत मला सगळ्यात जास्त दिसतं ते हेच: दुधाने पोट अर्धं भरतं, मग दोन चमचे खाऊन तोंड फिरवतं आणि घरचे म्हणतात "खातच नाही". आठव्या महिन्यापासून एक जेवण असं ठरवा की त्याआधी दोन तास दूध नाही. बाकीच्या वेळी तुमचं बरोबर.

गुरगुट्या

दोन तास आई घरी नसलेल्या दिवशी जमतील. रविवारी आई समोर असताना नाही. तेवढं मान्य करा.

खाडीकाठ

रविवार सोडून. :)

वजनाचा आकडा मात्र बघाच. 6 ते 9 महिन्यांत दिवसाला साधारण 15 ग्रॅम, 9 नंतर 12. जन्माच्या वजनाच्या तिप्पट वर्षाला. नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेला लशीला जाता तेव्हा अ जीवनसत्त्वाचा डोसही असतो, तेव्हाच वजन करून कार्डावर बिंदू मांडून घ्या. एका बिंदूवरून काही कळत नाही. दोन-तीन महिने रेघ आडवी झाली तर आधी खिमट किती पातळ आहे ते बघा, दूध तोडू नका.

येऊर_वारा

दहा महिन्यांचं बाळ रात्री चार वेळा उठतं. गाईचं दूध बाटलीत देऊन झोपवा असा सल्ला मिळालाय.

वाटीचमचा

वर्षाआधी गाईचं दूध मुख्य पेय म्हणून नको, खिरीत थोडं चालतं. वर्षानंतरही दिवसाला 400-500 मिलीच्या आत. जास्त झालं की जेवण मारतं, शौच कडक होतं आणि लोह उतरतं. चहा-बिस्किटाचंही तेच, वर चहा लोहाचं शोषण अडवतो.

रात्रीचं उठणं बहुतेकदा दिवसाची राहिलेली भूक भरून काढणं असतं. आई दिवसभर बाहेर असेल तर बाळ रात्री हिशोब पुरा करतं. संध्याकाळी सातला आल्या आल्या पाजा, साडेआठला तूप घातलेलं घट्ट जेवण, झोपताना पुन्हा पाजा. चारवरून दोनवर येतं. दात आलेले असतील तर रात्री शेवटच्या पाजणीआधी ओल्या फडक्याने पुसा.

अजून एक, जे कुणी सांगत नाही. फक्त अंगावर पाजणं आणि पाळी न येणं ह्यावर गर्भनिरोधनाचा भरवसा सहा महिन्यांपर्यंतच असतो. वरचं अन्न सुरू झालं की तो संपला. पाळी आलेली नसली तरी.

ट्रान्सहार्बर

बरं, आणि तोडायचंच ठरलं तर? समजा दीड वर्षाला.

पारसिक_पायथा

एकदम नाही. कडू लावणं, आईने चार दिवस माहेरी जाणं, पट्टी आवळून बांधणं, तिन्ही नको. दूध छातीत तुंबतं, गाठ धरते, ताप येऊन गळू होण्यापर्यंत मजल जाते.

एक पाजणी काढा, चार-सात दिवस थांबा, मग पुढची. क्रम असा: आधी दुपारची, जिथे आई नसतेच. मग संध्याकाळची, तिच्या जागी त्याच वेळेला खाणं आणि खेळ. मग पहाटेची. झोपतानाची सगळ्यात शेवटी, आणि ती काही आठवडे एकटीच राहिली तरी चालतं. छाती दाटली तर हाताने थोडंच काढा, ताण उतरेपर्यंत. पूर्ण रिकामी केलीत तर शरीर समजतं मागणी वाढली. लालसर डाग, ताप, कणकण दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि त्या बाजूने पाजणं चालू ठेवा.

पुन्हा दिवस गेले म्हणून लगेच तोडायची गरज बहुतेकींना नसते, आधी गर्भपात किंवा वेळेआधी कळा झालेल्या असतील तर डॉक्टरांना विचारून.

खाडीकाठ

वेळही निवडा. जुलै-ऑगस्टमध्ये तोडू नये. पाण्याचे आजार त्याच दिवसांत, आणि जुलाब लागलेलं बाळ खाणं सोडतं तेव्हा अंगावरचं एवढंच घेतं. जुलाबात पाजणं वाढवायचं, ओआरएस, आणि सहा महिन्यांवरच्या बाळाला झिंक 20 मिलिग्रॅम रोज, 14 दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदाही पूर्ण करायचे, बहुतेक घरांत पट्टी अर्धी उरते.

येऊर_वारा

म्हणजे वरच्या उदाहरणात एप्रिलला दीड वर्ष होत असेल तर?

खाडीकाठ

दुपारची एप्रिलमध्ये काढा, संध्याकाळची मेमध्ये. पहाटेची आणि झोपतानाची पावसाळाभर ठेवा. नवरात्राच्या सुमारास बघा. तोवर पुष्कळदा पहाटेची बाळानेच विसरलेली असते.